क्लॅरनेट धूत नाहीत

तुम्ही सांगितलं फुंका, म्हणून माझा बाप फुंकत राहिला. शाळेच्या मैदानात मांडव घालून, माइकवर, अख्ख्या गावासमोर तुम्ही सांगितलं की फुंकल्यानं छातीला बळ येतं. टाळ्या घेतल्या, शाल-नारळ घेतलं आणि पांढऱ्या गाडीत बसून निघून गेलात. फुंकणाऱ्याच्या आत काय जातं ते सांगितलं नाही. आज माझ्या बापाला वीस पावलं चाललं की बसावं लागतं. याला तुम्ही जबाबदार आहात, दुसरं कोणीही नाही.

इथवर भुपेंद्रची बोटं धावली आणि तिथंच अडली. 'दुसरं कोणीही नाही' याच्यापुढं लॅपटॉपवरची उभी रेघ लुकलुकत राहिली. भंडाऱ्यात कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली त्याचं टेबल चौदा वर्षांपासून होतं, आणि चौदा वर्षांत त्याची बोटं अशी कधी अडली नव्हती. हातपंपाचा अर्ज, तलावाच्या पाळीवर कुणी बांधलेल्या भिंतीचा अर्ज, विधवेच्या पगाराचा अर्ज, तो एका बैठकीत उडवायचा. 'सविनय' हा शब्द त्यानं पहिल्याच वर्षी फेकून दिला होता. आपलं तेच मागायला विनय कशाला, असं तो तोंडावर म्हणायचा, आणि अर्जाच्या शेवटी सगळे 'आपला विश्वासू' लिहितात तिथं दोनच शब्द लिहायचा: उत्तर द्या. त्या दोन शब्दांवर त्याचं नाव झालं होतं. आतले बाबू त्याला घाबरायचे, निदान त्याला तसं वाटायचं. आणि आज अर्ज स्वतःच्या बापाचा होता.

"थांबला काहून?" शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून भोजराज म्हणाले.

"विचार करून राहिलो, बाबा."

"दुसऱ्याच्या अर्जाले तं विचार करत नाही तू. माह्याच अर्जाले विचार?" एवढं बोलून ते थांबले. मग श्वास आला. आधी नाकात, मग गळ्यात, मग कुठंतरी खोल, वाळक्या पानावर पाय पडावा तसा बारीक चुरचुरत. भुपेंद्रला तो आवाज नको होता. समोर चहाच्या टपरीवरून रंभाबाई ओरडली, "भुपेंद्रभाऊ, आज मशीन गार पडली का जी? का बापासमोर लाजून राहिले?" भोजराज हसले, हसण्यातून खोकला निघाला, आणि खोकता खोकता त्यांनी मांडीवरची रेक्झिनची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली. पिशवीत क्लॅरनेट होती. सकाळी नागपूरला तीच पिशवी डॉक्टरीणबाईच्या टेबलावर उघडली होती.

डॉक्टरीणबाई पोरगीच होती, तिशीची असेल. छातीचा फोटो, रक्त, नळीत फुंकायची तपासणी, सगळं झालं, आणि मग तिनं विचारलं, काका काम काय करता, घरात कबुतरं आहेत का, ओलं भुसकट आहे का? शेवटी म्हणाली, पिशवीत काय आहे? भोजराजांनी मोठ्या अभिमानानं क्लॅरनेट काढून दिली. तिनं ती नाकाशी नेली आणि लगेच दूर धरली. मग लांब काडीला कापूस गुंडाळला, नळीत घातला, फिरवला आणि बाहेर काढला. कापूस हिरवट करडा झाला होता. एवढंच. काही कोसळलं नाही, कुणी किंचाळलं नाही. पण त्या कापसाचा वास भुपेंद्रपर्यंत आला. हा वास त्याच्या ओळखीचा होता. तो दहा वर्षांचा असतानाचा वास होता.

"काका, इसको धोते नहीं क्या?"

"धूत नाही जी बाई. क्लॅरनेट धूत नाहीत."

तिनं समजावून सांगितलं. थुंकीच्या ओलीनं आत बुरशी वाढली आहे. दर वेळी वाजवताना दम घेतला की तिची भुकटी छातीत जाते, आणि छाती तिच्याशी भांडून भांडून आतून सुजते. कुठं कुठं वण पडलेत, ते भरून यायचे नाहीत. बाकीचं वाचवता येईल, पण आजपासून ही तोंडाला लावायची नाही. वाजवणं वाईट नाही काका, ती म्हणाली, आत जे वाढलं ते वाईट आहे. मग तिनं कागदावर लिहिता लिहिता, सहज, पेनसुद्धा न थांबवता विचारलं, "किसने बोला था बजाने को?" भोजराजांनी गावातल्या शिबिराचं सांगितलं. "तो धोने को नहीं बोला उन्होंने? ऐसे कैसे?" भोजराज म्हणाले, नाही बाई. आणि मान वळवून त्यांनी मुलाकडं पाहिलं, "नाही ना रे, बाबू?"

भुपेंद्रनं मान हलवली. नाही.

मान कशी हलली हे त्याचं त्यालाही कळलं नाही. बसमध्ये पूर्ण रस्ता तो खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसला होता, आणि बाप शेजारी बसून अर्जाचा मजकूर सांगत होता. "त्या शिबिरवाल्या डॉक्टरले सोडाचं नाही. त्याचं नाव टाक. लोकायले अर्धवट सांगते म्हणा. आज मी हाव, उद्या दुसरा कोणी राहीन." बाप आयुष्यात कुणावर अर्ज करणारा माणूस नव्हता. पोरगा अर्ज लिहितो म्हणून गावात त्यांची थट्टा व्हायची तेव्हा तेच म्हणायचे, अर्ज करून धानाले पाणी भेटत नाही. आज तोच बाप म्हणत होता, लिह. आणि त्या शिबिराचा सगळा भार भुपेंद्रच्या छातीवर येऊन बसला होता. कारण तो डॉक्टर अर्धवट बोलला नव्हता. तो पूर्ण बोलला होता. इंग्रजीत बोलला होता. आणि त्याचं मराठी करून माइकवर सांगणारा भुपेंद्र होता.

क्लॅरनेट धूत नाहीत, हे दिघोरीच्या टिकाराम उस्तादांचं शिकवणं. बापाचे उस्ताद. शेतकऱ्याच्या घरातलं पोरगं नांगर सोडून बाजा शिकतं म्हणून आजानं भोजराजांना दोनदा घराबाहेर काढलं होतं, पण ते उस्तादांच्या ओसरीवर जाऊन पडायचे. उस्ताद सांगायचे, वाजवणाऱ्याची थुंकी आत मुरते, वर्षं जातात तसा सूर गोड होतो. पाणी लागलं की सूर गेला. क्लॅरनेट एकदाच धुवायची, वाजवणारा मेल्यावर, कारण त्याचा सूर त्याच्याबरोबर जायला हवा. उस्ताद गेले तेव्हा भुपेंद्र बापाचं बोट धरून दिघोरीला गेला होता. तिसऱ्या दिवशी बोडीच्या, लहान तळ्याच्या, काठावर बसून बापानं उस्तादांची क्लॅरनेट सांध्यासांध्यातून सोडली आणि पाण्यात बुडवली. नळीतून काळं पाणी निघालं, शेवाळासारखे धागे निघाले, आणि तो वास आला. कुजलेल्या धानाचा, बंद तोंडाचा, म्हाताऱ्या माणसाच्या उशीचा. दहा वर्षांच्या भुपेंद्रला वाटलं उस्ताद नळीतून बाहेर पडतायत. तो नाक धरून मागं सरकला तर बाप म्हणाला, "नाक नोको धरू. चाळीस वर्साचा सूर आहे तो." त्यानंतर त्यांच्या घरात 'क्लॅरनेट धू' असं म्हणणं म्हणजे 'मर' म्हणणं. आई, चंद्रकला, भांडणात सगळं बोलायची, पण एवढं एक बोलायची नाही.

बापाचा दम हा त्याच्या लहानपणातला सगळ्यात मोठा चमत्कार होता. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, आणि सूर चाललाय, चाललाय, तुटतच नाही. भुपेंद्र मनात आकडे म्हणत बसायचा, ऐंशी, नव्वद, शंभर. बाप नाकानं आत घ्यायचा आणि तोंडानं बाहेर सोडायचा, दोन्ही एकाच वेळी. "फुप्फुस म्हणजे धानाची ढोली हाय बाबू," बाप सांगायचा, "खालून काढाचं, वरून भराचं, रिकामी दिसली नाही पायजे." आणि दुसरी एक सवय. कुणीही बोलत असलं, कीर्तनकार असो की पुढारी, बापाचं बोट मांडीवर ठेका धरायचं. भाषण संपलं की घरी येऊन सांगायचे, अमुक माणूस आठ मात्रांत बोलते, तमुक बेताल हाय, मधातच तोडते. शब्द विसरायचे पण माप विसरायचे नाहीत.

आणि हाच चमत्कार भुपेंद्रला पुढं नकोसा झाला. हायस्कुलात पोरं त्याला पिपाणी म्हणायची. लग्नाच्या वरातीत बाप लाल कोट घालून घोड्यापुढं वाजवत चालायचा आणि तो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जायचा. शुभांगीचं स्थळ आलं, पवनीच्या दुकानदाराची मुलगी, तेव्हा त्यानं बापाला अंगणात उभं राहून सांगितलं, "बाबा, आता हे बंद करा. ते लोक विचारून राहिले, मुलाचे वडील बँडमध्ये आहेत का म्हणून." बापानं का म्हणून विचारलं नाही. क्लॅरनेटची पेटी केव्हाच मोडली होती. ओल लागू नये, धक्का बसू नये म्हणून त्यांनी ती माळ्यावर धानाच्या तणसात खोल खुपसून ठेवली. नऊ वर्षं. नऊ पावसाळे. कौलातून ठिबकलेलं सगळं त्या तणसानं प्यायलं, आणि तणसानं प्यायलेलं तिनं प्यायलं. लग्नात शुभांगीच्या घरच्यांनी भाड्यानं बँड आणला होता. बाप मांडवात खुर्चीवर बसून त्या क्लॅरनेटवाल्याकडं बघत होता आणि बोट मांडीवर चाललं होतं.

मग ती साथ आली. बाप अकरा दिवस ऑक्सिजनवर होता. घरी आला तो निम्मा माणूस होऊन आला. बांधापर्यंत जायचा आणि बसायचा. तीन रंगीत गोळ्यांचं, श्वास ओढायचं ते प्लास्टिकचं यंत्र भुपेंद्रनं आणून दिलं, बाप दोन दिवस ओढायचा, तिसऱ्या दिवशी म्हणायचा, "याच्यात सूर नाही, खाली ओढत काय राहू?" आणि दोन हिवाळ्यांमागं आसगावला ते शिबिर आलं. डॉक्टर दूर दक्षिणेकडचा होता, त्याला मराठी येत नव्हतं, हिंदी तोडकी मोडकी. भंडाऱ्याचा अर्जवाला इंग्रजी वाचतो म्हणून सरपंचानं भुपेंद्रला माइकवर उभा केला. भुपेंद्रनं नवा शर्ट घातला होता. हेही त्याला आज आठवलं, शर्टाला इस्त्री करताना शुभांगी म्हणाली होती, "जसं काई तुमचंच भाषण आहे."

डॉक्टर चांगला बोलला. गाणाऱ्याचा, वाजवणाऱ्याचा श्वास लांब होतो. बरगड्यांमधले, पोटावरचे स्नायू कामाला लागतात. ज्यांना धाप लागते त्यांना हळूहळू सोडायची सवय लागते, घाबरं होणं कमी होतं. दवाई सोडायची नाही, पण भजन म्हणा, बासरी वाजवा. भुपेंद्र एकेक वाक्य उचलून मराठीत टाकत होता आणि लोकांच्या माना हलत होत्या. त्याला वाटलं आपण आपल्या बापाला काहीतरी परत देतोय. नऊ वर्षांपूर्वी अंगणात जे घेतलं ते भरल्या गावात परत देतोय. पहिल्या रांगेत बाप बसला होता, मांडीवर क्लॅरनेट, सरपंचाच्या सांगण्यावरून आदल्या दिवशीच माळ्यावरून काढलेली, धोतरानं बाहेरून पुसून चकचकीत केलेली. सरपंच म्हणाले, भोजराजभाऊ, होऊन जाऊ द्या. बाप उठला. पहिला सूर फाटला, दुसरा फाटला, आणि तिसरा लागला. सत्यभामाबाईनं, भजनमंडळातल्या म्हातारीनं, डोळ्याला पदर लावला. डॉक्टरनं टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या थांबल्यावर त्यानं क्लॅरनेटकडं बोट करून आणखी काही सांगितलं. खिशातला रुमाल काढला, त्याची सुरळी केली, डाव्या मुठीतून उजव्या हातानं ओढून काढली, एकदा, दोनदा. दर वेळी वाजवल्यावर आतून धुवा. नळी खोलून, साबणाच्या पाण्यानं, वाळवा, मगच ठेवा. जुनं वाद्य असेल तर आधी पूर्ण साफ करा, नाहीतर वाजवूच नका, आत बुरशी असते, ती फुप्फुसाला खाते.

त्यानं हे सगळं एका दमात सांगितलं. भुपेंद्रला सगळं समजलं. कुठलाही शब्द अडला नाही. माइक तोंडाशी होता. समोर बाप उभा होता, नऊ वर्षांनी सूर लागलेला, घामानं ओला, गावाकडं बघत. आणि भुपेंद्रला भरल्या गावासमोर त्याला म्हणायचं होतं, बाबा, क्लॅरनेट धुवा. आई बायकांत बसली होती. त्याच्या जिभेवर बोडीचं काळं पाणी आलं. तो म्हणाला, "आणि वाद्याची काळजी घ्या."

बस. चार अक्षरांचं 'काळजी घ्या'. कलेक्टरला तोंडावर खोटारडा म्हणणारा माणूस बापाला एक शब्द म्हणू शकला नाही. घरी गेल्यावर सांगू, असं त्यानं तेव्हा ठरवलं होतं, हेही त्याला आज स्पष्ट आठवत होतं. चुकून राहून गेलं असं म्हणायचीही सोय नव्हती. घरी गेल्यावर बाप अंगणात बसून वाजवत होता, आई दारात उभी राहून ऐकत होती. उद्या सांगू. मग भंडारा, टेबल, अर्ज. पहिले काही महिने बाप खरंच सुधारला. फोनवर म्हणायचा, आज बांधापर्यंत न थांबता गेलो. मग सांगायची गरजच काय? मग संध्याकाळचा ताप सुरू झाला. सकाळी वाजवायचं, दुपार कलली की अंग मोडून यायचं, खोकला. गेल्या दिवाळीत बाप रिताकडं, भुपेंद्रच्या बहिणीकडं, तीन आठवडे नागपूरला राहिला, क्लॅरनेट घरीच होती. ताप गेला, खोकला गेला. गावी आला, वाजवायला लागला, चौथ्या दिवशी पुन्हा पडला. तेव्हा तरी भुपेंद्रच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. त्यानं फोनवर काय सांगितलं? "तीन आठवडे वाजवणं सुटलं ना बाबा, म्हणून छाती ढिली पडली. आणखी वाजवा. सकाळ-संध्याकाळ वाजवा." आणि बापानं ऐकलं. लेकरू शिकलेलं आहे, माइकवर बोललेलं आहे.

"लिहलं का पुढचं?" भोजराजांनी विचारलं.

"लिहितो."

"त्याचं नाव टाकलं?"

टाकलं नव्हतं. 'प्रति'च्या पुढची जागा कोरीच होती. त्या डॉक्टरचं नाव त्याला पाठ होतं. टाकलं तर चौकशी लागेल. तो माणूस म्हणेल, मी सांगितलं होतं. त्याला विचारतील, मराठीत कोणी सांगितलं? नाहीतर काहीच विचारणार नाहीत, नुसती बदली करतील, हे भुपेंद्रला चांगलं माहीत होतं. त्याच्याच अर्जांनी दोघाचौघांच्या बदल्या झाल्या होत्या, आणि तेव्हा त्यानं रंभाबाईच्या टपरीवर सगळ्यांना चहा पाजला होता. त्यातले किती जण असेच असतील, पूर्ण बोललेले, मधल्या कुणीतरी गाळलेले? हा प्रश्न त्याला चौदा वर्षांत पडला नव्हता. पडला तो आज, बापाच्या छातीत वण पडल्यावर.

"वाचून दाखव," बाप म्हणाला.

भुपेंद्रनं वाचलं. सगळं वाचलं, तुम्ही सांगितलं फुंका पासून दुसरं कोणीही नाही पर्यंत. त्याचा आवाज नेहमीसारखा चढला नाही, शाळेतल्या पोरानं धडा वाचावा तसा निघाला. बापाचं बोट रेक्झिनच्या पिशवीवर हळूहळू पडत होतं. वाचून संपलं तरी बोट थांबलं नाही. पडत राहिलं. मग थांबलं.

"मी एक विचारू का?" भोजराज म्हणाले. "शब्द तं मले कोठी समजे. पण मी त्या दिवशी ठेका धरून होतो. तो डॉक्टर एक वाक्य बोले, तू एक वाक्य बोले. तो आठ, तू आठ. तो चार, तू चार. लय मस्त जमलं होतं, मी तं मनात म्हटलं, पोरगं आपलं तालात हाय." ते थांबले. श्वास आला, चुरचुरत गेला. भुपेंद्रनं लॅपटॉपकडं पाहिलं. "माही क्लॅरनेट वाजून झाल्यावर मात्र तो लय बोलला. सोळा मात्रा पुऱ्या, आन् वरून हाताचं काईतरी केलं." त्यांनी पिशवी मांडीवर ठेवली, गळ्यातला गमछा काढला, त्याची सुरळी केली. डाव्या मुठीत गमछ्याचं टोक घातलं आणि उजव्या हातानं ओढून काढलं. एकदा. दोनदा. समोरून रंभाबाई चहाचे दोन कप घेऊन येत होती, ती मधेच थांबली.

"असं," बाप म्हणाला. "आन् तू चारच मात्रा बोलला. बसमधी बसल्यापासून मनात तेच मोजून राहिलो." त्यांनी गमछा पुन्हा मुठीत घातला आणि तसाच धरून ठेवला. "बाकीच्या बारा मात्रा कोठी गेल्या, बाबू? तू लोकायले लिहून देते ना, खाली? तेच म्हणतो मी तुले. उत्तर दे."